इंग्रजीतले मानाचे आणि हिणवण्याचे शब्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संध्याकाळी सात ते साडेआठ मी नोकरी-धंदा करणाऱ्या मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. वर्गात सोसायटीचा वॉचमन असतो, साडीच्या दुकानातल्या मुली असतात, बँकेतून निवृत्त झालेले एक काका असतात. काळ आणि वचनाच्या शंका महिन्याभरात फिटतात. कुणाला काय म्हणायचं, कुठला शब्द लागतो आणि कुठला शोभतो, या शंका मात्र वर्षभर चालू राहतात. इंग्रजी ही बरोबरीची भाषा, तिच्यात लहान-मोठं नाही, असा आपल्याकडे पक्का समज आहे. तो खरा नाही. तिच्यातली उतरंड शब्दांच्या पोटात गेली आहे, म्हणून ती चटकन दिसत नाही, एवढंच.

इंग्रजीत सगळ्यांनाच ‘यू’ म्हणतात. मग त्या भाषेत अरे-तुरे नाहीच ना?

होतं. ‘दाऊ’ हा इंग्रजीतला ‘तू’ होता आणि ‘यू’ हा ‘तुम्ही’. फ्रेंच दरबारी रीतीच्या वळणावर जाऊन एकट्या माणसालाही मानाने ‘यू’ म्हणायची पद्धत पडली. मोठ्यांना ‘यू’, नोकराला, मुलाला, जिवलगाला ‘दाऊ’.

ही रेघ किती ठळक होती, ते १६०३ मधल्या एका खटल्यात दिसतं. सर वॉल्टर रॅली यांच्यावर राजद्रोहाचा आरोप होता आणि सरकारी वकील होते एडवर्ड कोक. भर न्यायालयात कोक त्यांना म्हणाले की मी तुला ‘दाऊ’ म्हणतो, देशद्रोह्या! त्यांनी ‘दाऊ’ हे चक्क क्रियापद करून वापरलं. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. चारचौघांत एखाद्या वडीलधाऱ्याला मुद्दाम ‘ए, तू’ म्हटलं की काय होतं, ते आपण पाहिलेलं असतं.

त्याच शतकात क्वेकर पंथाच्या लोकांनी उलट टोक धरलं. देवापुढे सगळे सारखे, म्हणून न्यायाधीशालाही ‘दाऊ’ म्हणायचं आणि कुणापुढे टोपी काढायची नाही. त्यापायी त्यांनी मार खाल्ला, तुरुंग भोगले. पुढे रोजच्या बोलण्यातून ‘दाऊ’ मावळला आणि सगळेच ‘यू’ झाले. म्हणजे इंग्रजीत आदरार्थी रूप नाही असं नव्हे, उरलं ते आदरार्थीच. गेला तो ‘तू’.

१६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये देवाला ‘दाऊ’ म्हटलेलं वाचून पुष्कळ जणांना तो फार भारदस्त शब्द वाटतो. तो साधा ‘तू’ आहे. विठोबाला आपण ‘अहो’ म्हणत नाही, तसंच ते.

‘सर’ म्हणजे नक्की कोण? ‘सर आयझॅक’ आणि ‘जोशी सर’ एकच का?

मूळ एकच. लॅटिनमध्ये ‘सीनियर’ म्हणजे वयाने मोठा. त्याचं फ्रेंचमध्ये ‘सिर’ झालं आणि इंग्रजीत ‘सर’. सुरुवातीला अर्थ एवढाच: थोरला.

इंग्लंडात तो किताब झाला तेव्हा त्याला नियम चिकटले. किताबाचा ‘सर’ पहिल्या नावाआधी येतो. सर आयझॅक किंवा सर आयझॅक न्यूटन म्हणायचं, ‘सर न्यूटन’ नाही. आपण शाळेत बोट धरून ‘सर न्यूटन’ शिकलो, ते चूक होतं. नाइटहूड मिळालेल्याची बायको ‘लेडी’ आणि पुढे आडनाव. स्वतः किताब मिळवलेली स्त्री ‘डेम’.

मुंबईत ‘सर जे. जे.’ म्हणून जी रुग्णालय आणि कला महाविद्यालयासारखी नावं आहेत, ती जमशेटजी जीजीभाई यांची. १८४२ मध्ये त्यांना नाइट केलं, तो मान त्यांच्यापुरता होता. १८५७ मध्ये ते बॅरोनेट झाले, आणि तो वंशपरंपरागत. पुढच्या प्रत्येक वारसाने किताबाबरोबर जमशेटजी जीजीभाई हेच नाव घ्यायचं, अशी कायद्याने सोय झाली. रवींद्रनाथ टागोरांना १९१५ मध्ये नाइट केलं होतं. जालियनवाला बागेनंतर १९१९ मध्ये त्यांनी तो मान परत केला. स्वतंत्र भारतात संविधानाच्या अनुच्छेद १८ ने असे किताबच संपवले.

राहिले ‘जोशी सर’. इथे ‘सर’ नावानंतर येतो. आपण ‘जोशी गुरुजी’, ‘जोशी मास्तर’ म्हणायचो, त्याच जागेवर हा शब्द येऊन बसला. मराठीने इंग्रजी शब्द घेतला आणि त्याला आपल्या घरच्या पाटावर बसवलं. मला त्यात काही वावगं वाटत नाही. इंग्लंडच्या शाळांत शिक्षकाला नुसतं ‘सर’ म्हणतात आणि शिक्षिकेला ‘मिस’, मग ती बाई चार लेकरांची आई का असेना.

लॉर्ड आणि लेडी हे शब्द कुठून आले?

भाकरीतून. जुन्या इंग्रजीत ‘हलाफ’ म्हणजे पावाची लादी, आजचा ‘लोफ’. ‘हलाफवेअर्ड’ म्हणजे भाकरीचा राखणदार, त्याचा झिजत झिजत ‘लॉर्ड’ झाला. ‘हलाफडिये’ म्हणजे कणीक मळणारी, ती ‘लेडी’. घरातल्या नोकरालाही शब्द होता, त्याचा अर्थ ‘भाकरी खाणारा’. मळणारी, राखणारा, खाणारा: एका स्वयंपाकघरात सगळी समाजरचना मावली. ‘ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी’ म्हणणाऱ्या भाषेला हे लगेच पटतं.

इतिहासाच्या पुस्तकात सगळेच व्हाइसरॉय ‘लॉर्ड’ कसे?

ब्रिटिश सरदारांच्या पाच पायऱ्या आहेत. वरून खाली ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन. ड्यूक सोडला तर खालच्या चौघांनाही बोलताना ‘लॉर्ड’च म्हणतात. म्हणून लिनलिथगो मार्क्विस, मिंटो अर्ल, वेव्हेल व्हायकाउंट आणि आयर्विन बॅरन असूनही आपल्या पुस्तकात सगळे एका ओळीत ‘लॉर्ड’. ही पदवी मिळालेले पहिले भारतीय सत्येंद्र प्रसन्न सिन्हा, १९१९ मध्ये ते बॅरन झाले.

पत्त्यांतल्या गुलामाला इंग्रजीत ‘जॅक’ का म्हणतात?

आधी ‘नेव्ह’ म्हणत. ‘नेव्ह’चा पहिला अर्थ मुलगा. मग पोऱ्या, मग नोकर, शेवटी लबाड माणूस. ‘जॅक’ हे सामान्य माणसाचं नाव, आपल्याकडचा गणप्या म्हणा. १९व्या शतकात इंग्लंडात चांगल्या घरातली माणसं त्या पत्त्याला ‘नेव्ह’ म्हणत, ‘जॅक’ म्हणणं गावंढळ समजलं जाई. पुढे पत्त्यांच्या कोपऱ्यात अक्षरं छापायला लागले. तेव्हा राजाचा ‘के’ आणि ‘नेव्ह’चा ‘केएन’ यांत गोंधळ होऊ लागला, आणि ‘जे’ टिकला. मराठीने त्या पत्त्याला सरळ ‘गुलाम’ म्हटलं आणि ठेवलं.

‘नेव्ह’चा जोडीदार म्हणजे घोड्यावरचा चिलखतवाला ‘नाइट’. त्या शब्दाच्या सुरुवातीचा मुका ‘के’ एके काळी उच्चारला जायचा. त्याचाही पहिला अर्थ मुलगा आणि सेवक. जर्मनमध्ये त्याच मुळाचा शब्द आजही गडी-माणसाला वापरतात. एकाच अंगणातले दोन पोरगे निघाले, एक राजाच्या तैनातीला लागून सरदार झाला आणि दुसरा चोर ठरला. शब्दांची गुणवत्ता तीच होती. फरक पडला तो धनी कोण मिळाला याचा.

गरिबांसाठीचे शब्द शिव्या कसे होतात?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे. ‘व्हिलन’ हा शब्द फळ्यावर लिहून त्याचं मूळ सांगितलं, तेव्हा बीडकडून आलेला एक मुलगा म्हणाला, “म्हणजे मॅडम, व्हिलन म्हणजे माझा बाप?” वर्ग गप्प झाला. त्याचे वडील दुसऱ्याच्या रानात सालगडी होते.

त्याचं म्हणणं बरोबर होतं. लॅटिनमध्ये ‘व्हिला’ म्हणजे शेतवाडी आणि ‘व्हिलानस’ म्हणजे त्या वाडीवर राबणारा. नॉर्मन इंग्लंडात हा माणूस लॉर्डाच्या जमिनीला बांधलेला असे. परवानगीशिवाय गाव सोडता येत नसे, मुलीचं लग्न करायचं तर लॉर्डाला पैसे भरावे लागत. त्याचं नाव आधी ‘खेडवळ’ या अर्थाने वापरलं, मग ‘हलका’, मग ‘नीच’, आणि आता सिनेमातला खलनायक. शेतमजुराने यात काय वाईट केलं? काहीच नाही. लिहिणारे वरचे होते आणि ज्याच्याबद्दल लिहिलं तो खाली होता.

एक शब्द असता तर योगायोग म्हणून सोडून दिला असता. ‘चर्ल’ हा स्वतंत्र शेतकरी होता. त्यावरून निघालेला ‘चर्लिश’ म्हणजे आज उद्धट. डच भाषेतल्या शेतकऱ्यावरून ‘बूर’ म्हणजे रानटी वागणारा. ‘मीन’ म्हणजे सगळ्यांचा, सामाईक, तिथून सामान्य, तिथून कोता आणि कंजूष. ‘ल्यूड’ म्हणजे फक्त पाद्री नसलेला माणूस. पाद्री नाही म्हणजे शिकलेला नाही, शिकलेला नाही म्हणजे असभ्य, आणि आज त्याचा अर्थ अश्लील. ‘व्हल्गर’ म्हणजे लोकांचा, एवढंच होतं.

आता वरच्या मजल्यावर बघा. ‘जेंटल’ म्हणजे चांगल्या कुळातला, आज त्याचा अर्थ सौम्य. ‘जनरस’ म्हणजे खानदानी, आज उदार. ‘लिबरल’ म्हणजे गुलाम नसलेल्या माणसाला शोभेल असा. ‘फ्रँक’ म्हणजे फ्रँक टोळीतला, कारण त्यांनी जिंकलेल्या मुलखात पुरते स्वतंत्र तेच, म्हणून मोकळं बोलणंही त्यांच्याच नावावर जमा. सौम्यपणा, औदार्य, मोकळेपणा हे सगळे गुण जन्मावरून वाटून टाकले आणि खालच्यांच्या वाट्याला दुर्गुण ठेवले.

ज्या मुळातून ‘चर्ल’ आला त्याचा जर्मन भाऊ ‘कार्ल’, आणि कार्लचंच इंग्रजी-फ्रेंच रूप ‘चार्ल्स’. इंग्लंडच्या राजाचं नाव आणि उद्धट गावंढळाला दिलेली शिवी एकाच मुळाची आहे.

आणि मराठी? ‘नागर’ म्हणजे सुसंस्कृत, ‘ग्राम्य’ म्हणजे असभ्य. ‘कुलीन’, ‘घरंदाज’ हे गुण झाले, ‘गावंढळ’ ही शिवी झाली. त्या दिवशी वर्गात मी इंग्रजीची उदाहरणं देत होते आणि ती मुलं मराठीतली भर घालत होती. फळा दोन्ही बाजूंनी भरला.

पोलिस कॉन्स्टेबल हे सगळ्यात खालचं पद. मग जुन्या पुस्तकांत कॉन्स्टेबल सेनापती कसा?

कारण तो होताच. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पागेचा सरदार. फ्रान्सचा कॉन्स्टेबल हा राजानंतरचा सर्वोच्च सेनाधिकारी होता, १६२७ मध्ये ते पद रद्द होईपर्यंत. इंग्रजीत हे नाव घसरत घसरत गस्तीच्या शिपायापर्यंत आलं. उलट ‘मार्शल’ म्हणजे मुळात घोड्यांची निगा राखणारा नोकर. तो चढत चढत फील्ड मार्शल झाला, १९७३ मध्ये सॅम माणेकशा झाले तो. पागेतून दोघे निघाले आणि जिन्यात एकमेकांना ओलांडून गेले.

आपल्याकडे हेच ‘हवालदारा’चं झालं. शिवकाळात किल्ल्याचा हवालदार म्हणजे ज्याच्याकडे किल्ल्याचा हवाला, सबनीस आणि कारखानीस यांच्याबरोबरीने गड सांभाळणारा मोठा अधिकारी. आज नाक्यावर उभा असतो त्याला आपण त्या नावाने हाक मारतो. ‘मिनिस्टर’चाही प्रवास सांगते: लॅटिनमध्ये तो ‘लहान’ या शब्दावरून, म्हणजे सेवक. ‘मास्टर’ हा ‘मोठा’वरून. सेवक आज लाल दिव्याच्या आठवणी काढतो आणि मास्तर पगाराची वाट बघतो.

मिसेस, मिस आणि मिझ यांत काय फरक? अर्जात कुठलं लिहू?

तिन्ही ‘मिस्ट्रेस’ची रूपं. ‘मिस्ट्रेस’ म्हणजे ‘मास्टर’ची स्त्री-बाजू, घर चालवणारी मालकीण. १७व्या-१८व्या शतकात ‘मिसेस’ लिहिलं की ती प्रतिष्ठित बाई, एवढंच कळे. लग्न झालंय की नाही ते त्यातून कळत नसे. पुढे लग्नाचा शिक्का बसला. आणि ‘मिस्ट्रेस’ या पुऱ्या शब्दाचा अर्थ आज ठेवलेली बाई असा घेतात. ‘मास्टर’ मात्र जिथल्या तिथे राहिला. ‘मॅडम’ म्हणजे फ्रेंचमध्ये ‘माझी मालकीण’, त्याचाही एक अर्थ कुंटणखाना चालवणारी असा झाला.

हे वाचून मला ‘बाई’ आठवते. अहिल्याबाई, रमाबाई यांत ‘बाई’ हा मान होता. माझ्या शाळेत आम्ही ‘कुलकर्णी बाई’ म्हणायचो आणि त्या शब्दाचा धाक होता. आता वर्गात कुणी मला ‘बाई’ म्हटलं तर शेजारची मुलगी त्याला कोपराने ढोसते, कारण तिच्या कानाला ‘बाई’ म्हणजे धुण्याभांड्याला येणारी. स्त्रीसाठीचा मानाचा शब्द खाली घसरतो, हे दोन्ही भाषांत झालं. मला ‘बाई’ म्हटलेलं आवडतं, आणि तसं मी वर्गात सांगितलं आहे.

‘मिझ’ची सूचना अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका वृत्तपत्रात १९०१ मध्ये आली होती. १९७० च्या दशकात स्त्रियांच्या चळवळीने ती उचलून धरली. लग्नाचा उल्लेख नाही, ‘मिस्टर’सारखंच. अर्जात हेच लिहा. मराठीत ‘सौ.’, ‘कु.’ आणि ‘गं. भा.’ यांनी बाईचा नवरा आहे, नाही की गेला, हे लग्नपत्रिकेवर छापलं जातं. पुरुषाला सगळीकडे ‘श्री.’.

‘क्लास’ म्हणजे वर्ग, मग ‘एकदम क्लास!’ म्हणजे उत्तम कसं?

प्राचीन रोममध्ये मालमत्तेवरून नागरिकांचे गट पाडत, ते ‘क्लासिस’. वरच्या गटातला तो ‘क्लासिक’. ज्याच्याकडे पोराबाळांशिवाय नोंदवायला काही नाही, तो ‘प्रोलेतारियस’. म्हणजे ‘क्लासिक’ संगीत आणि कामगार चळवळीतला ‘प्रोलेतारिएत’ एकाच करवहीतून आले. माणसांच्या गटांना ‘क्लास’ म्हणण्याची पद्धत इंग्रजीत १८व्या शतकाच्या अखेरीस, कारखाने वाढू लागले तेव्हा रुळली. आपण त्यातून क्लास वन अधिकारी घेतला, शिकवणीचा क्लास घेतला आणि चवदार मिसळीला द्यायची दादही घेतली.

‘कास्ट’ हा शब्द इंग्रजांनी दिला का?

पोर्तुगीजांनी. ‘कास्ता’ म्हणजे त्यांच्या भाषेत वंश, वाण. १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतलं आणि त्या शतकात इथली समाजरचना पाहून तिला हा शब्द लावला. वर्ण वेगळा आणि जात वेगळी, हे त्या एका शब्दात विरघळून गेलं. इंग्रजीने तो तसाच उचलला. गोव्याच्या किनाऱ्यावर वापरलेला शब्द आज अमेरिकेच्या कायद्यात आहे: फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल शहराने जातीवरून होणाऱ्या भेदभावावर बंदी घातली, असं करणारं ते तिथलं पहिलं शहर. परदेशात गेलं की जात सुटते, असं म्हणणाऱ्यांनी हे ठरावाचं वर्ष लक्षात ठेवावं.

‘कास्ट’ आणि ‘क्लास’ यांचं नातं सगळ्यात नेमकं मांडलं ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, कोलंबिया विद्यापीठात ९ मे १९१६ रोजी वाचलेल्या निबंधात: जात म्हणजे बंदिस्त केलेला वर्ग. तेव्हा ते २५ वर्षांचे होते, आणि परक्या भाषेतले दोन सैल शब्द त्यांनी एका वाक्यात घट्ट बांधले.

आणखी एक शब्द इथूनच गेला, आणि तो वापरू नका अशी माझी विनंती आहे. इंग्रजी अग्रलेखात वाळीत टाकलेल्या देशाला ‘पराया स्टेट’ म्हणतात. हिंदीतल्या ‘पराया’शी त्याचा संबंध नाही. तमिळमध्ये ‘परै’ म्हणजे एक चर्मवाद्य, आणि परैयर हा एक जिवंत समाज, लाखो माणसं. त्यांच्या नावाचा अर्थ इंग्रजीने ‘बहिष्कृत’ केला. ‘व्हिलन’च्या मागचा शेतमजूर निदान काळाच्या पडद्याआड गेला आहे. ही माणसं तो अग्रलेख वाचतात. आपल्या बोलण्यातही काही जातींची नावं शिवीसारखी येतात, ती मी इथे लिहिणार नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला चारचौघांत जातीवरून शिवीगाळ करणं ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे.

ऐकू आलं नाही तर ‘पार्डन?’ म्हणावं की ‘व्हॉट?’

आपल्याला ‘पार्डन’ शिकवलं गेलं, सभ्य म्हणून. १९५४ मध्ये ॲलन रॉस या भाषाशास्त्रज्ञाने एक निबंध लिहिला आणि दाखवलं की इंग्लंडातले खरे वरच्या घरातले लोक सरळ ‘व्हॉट?’ म्हणतात. ‘पार्डन’ म्हणतो तो सभ्य दिसायची धडपड करणारा मध्यमवर्ग. तसंच हात पुसायच्या फडक्याला वरचे ‘नॅपकिन’ म्हणत, धडपडणारे ‘सर्व्हिएट’. मला हे वाचून आपली कीव आली नाही, राग आला. वरच्याला साधं बोलायची मुभा असते, आणि खालून येणाऱ्याने जड शब्द शिकावा तर त्यावरूनच त्याला ओळखून बाजूला काढतात. ‘सॉरी?’ म्हणा. सगळीकडे चालतं.

‘बॉस’ म्हणणं चालतं का?

चालतं. शब्द डच, ‘बास’ म्हणजे मालक. अमेरिकेत स्वतंत्र कामगारांना ‘मास्टर’ म्हणणं नको होतं, कारण ते गुलामाच्या तोंडी होतं. म्हणून त्यांनी हा धरला. मुंबईत तर रिक्षावाला आणि प्रवासी दोघेही एकमेकांना ‘बॉस’ म्हणतात.

अर्जाच्या शेवटी ‘युवर ओबिडियंट सर्व्हंट’ लिहायचं का?

नको. कंपनी सरकारच्या पत्रव्यवहारात ते होतं, आणि लिहिणारे मोठे अधिकारीही एकमेकांना तसंच लिहीत, त्यांच्यापुरता तो रिवाज होता. आपल्याकडे तो ‘आपला आज्ञाधारक’ होऊन शाळेच्या निबंधवहीत शिरला आणि मुलांनी तो खरा मानला. आता इंग्लंडातही कुणी रोजच्या पत्रात तो वापरत नाही. ‘रिस्पेक्टेड सर’ हेही आपलंच, तिकडे ‘डिअर सर ऑर मॅडम’ लिहितात. नाव माहीत नसेल तर शेवटी ‘युवर्स फेथफुली’, माहीत असेल तर ‘डिअर’नंतर ‘मिस्टर’ किंवा ‘मिझ’ आणि आडनाव, शेवटी ‘युवर्स सिन्सिअरली’. ‘आय बेग टू स्टेट’ काढून टाका. बेग म्हणजे भीक मागणं. रजा हक्काची असेल तर ‘आय वुड लाइक टू अप्लाय’ लिहा, खाली तारीख घाला आणि पूर्ण नावाने सही करा.